पाण्याची रेघ

मराठी भाषेने आपल्याला दोन रेघा दिल्या आहेत. एक काळ्या दगडावरची, जी कधी पुसली जात नाही. दुसरी पाण्यावरची, जी ओढता ओढताच विरून जाते. आश्वासने, मैत्री, माणसाचा शब्द या साऱ्यांची प्रतवारी आपण या दोन रेघांच्या आधारेच करीत आलो. परंतु तिसरीही एक रेघ आहे. ती माणूस ओढीत नाही, पाणी ओढते. पूर ओसरल्यावर भिंतीवर जो मातकट पट्टा राहतो, ती ही रेघ. ती दगडावरच्या रेघेइतकी टिकत नाही, कारण दिवाळीच्या आत आपणच तिच्यावर रंगाचा हात फिरवितो. आणि पाण्यावरच्या रेघेसारखी आपोआप जातही नाही. समुद्रकाठी हीच रेघ आधीच ओढून ठेवण्याचा, म्हणजे पाणी येण्यापूर्वी ते कुठवर येईल हे नकाशावर मांडण्याचा उद्योग आपल्या देशात गेली काही वर्षे चालला आहे. त्या उद्योगाविषयी, आणि त्याच्या एका लहानशा प्रतिकृतीविषयी, हा लेख आहे.

बडोद्याच्या माणसाला समुद्राची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून ३५ ते ४० मीटर उंचीवर वसलेले आहे. समुद्र कितीही चढला तरी तो मांडवीच्या दरवाजापाशी येऊन उभा राहील अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तरी समुद्राशी बडोद्याचे नाते जुने आहे. संस्थानचा मुलूख तुटक तुटक होता आणि त्यातला एक तुकडा, द्वारकेसह ओखामंडळ, थेट सागराला भिडलेला होता. ओख्याचे बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ साली सुरू झाले. त्याच्याही अर्धशतक आधी, १८७०च्या दशकात, कॅप्टन बेअर्ड नावाच्या सर्वेक्षण खात्यातील अधिकाऱ्याने कच्छच्या आखातावर तीन ठिकाणी भरती-ओहोटी मोजण्याची यंत्रे बसविली होती. त्यांतले एक ओख्याच्या टोकावर होते. कच्छच्या रणाच्या परिसरात जमीन आणि समुद्र यांची परस्पर पातळी बदलते आहे काय, हे त्यांना पाहायचे होते. १८१९च्या भूकंपात त्याच रणात सिंदरीचा किल्ला पाण्याखाली गेला होता आणि जवळच जमिनीचा एक लांबलचक बांध वर उचलला गेला होता, ज्याला लोकांनी अल्लाबंद असे नाव दिले. तेव्हा समुद्र चढतो की जमीन खचते, हा प्रश्न आजचा नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी तो आपल्या संस्थानच्या किनाऱ्यावर यंत्र बसवून विचारला गेला होता.

मुळात ‘समुद्रसपाटी’ हा शब्दच मजेचा आहे. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या फलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. प्रवासी ती वाचतो आणि विसरतो. पण समुद्र सपाट कधी असतो? दिवसातून दोनदा तो चढतो, दोनदा उतरतो. पौर्णिमा-अमावास्येस अधिक, अष्टमीच्या सुमारास कमी. वर्षानुवर्षे तासातासाला त्याची उंची टिपावी आणि त्या असंख्य आकड्यांची सरासरी काढावी, तेव्हा कुठे ‘सपाटी’ हाती लागते. आपल्या देशाची सपाटी १९०९ साली अशीच निश्चित झाली. त्यासाठी कराचीपासून पूर्व किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ ठिकाणच्या नोंदी घेतल्या गेल्या. मुंबईच्या अपोलो बंदरावरील नोंदी तर १८७८पासूनच्या आहेत. ज्याला आपण अढळ मानून डोंगरांची उंची मोजतो, ती पातळी अशी हिशोबाने काढलेली आहे. आणि आता तो हिशोबच सरकू लागला आहे.

किती सरकला? जगातील शास्त्रज्ञांच्या आंतरसरकारी मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ एका वितीने, वाढली. २००६ ते २०१८ या अवधीत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. कारणे दोन मुख्य: पाणी तापले की फुगते, आणि डोंगरांवरचा व ध्रुवप्रदेशांतला बर्फ वितळून समुद्रात येतो. या शतकाच्या अखेरीस, आपण धूर किती आवरतो त्यावर अवलंबून, पातळी सुमारे पाऊण हातापासून दोन हातांपर्यंत चढेल असा अंदाज आहे. शास्त्रीय भाषेत २८ सेंटिमीटर ते एक मीटर.

एक वीत, दोन हात! ऐकणाऱ्याला हसू येते. परंतु हे हसू किनाऱ्याचा उतार न पाहता आलेले असते. वर्गात मी फळ्यावर साधे त्रैराशिक मांडतो. समजा, किनाऱ्याची जमीन हजार फुटांत एकच फूट उतरते. मग समुद्र एक फूट वर चढला तर तो आत किती येईल? मुले उत्तर देतात आणि मग गप्प होतात. हजार फूट! खडकाळ कड्याला जे पाऊलभर, ते सपाट खाजणाला शेतभर.

आणि सपाट खाजण पाहायचे तर आपल्याला दूर जायला नको. आपली विश्वामित्री पावागढाहून निघते, शहरातून वळणे घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते, आणि ढाढर खंभातच्या आखातात शिरते. त्याच बाजूला जंबुसर तालुक्यात कावी-कंबोई येथे स्तंभेश्वर महादेवाचे देऊळ आहे. बडोद्यातील पुष्कळ कुटुंबे तिथे जाऊन आली असतील. भरतीच्या वेळी देवळात पाणी शिरते, पिंडी दिसेनाशी होते आणि ओहोटी लागली की महादेव पुन्हा दर्शन देतो. भाविकांच्या दृष्टीने हा समुद्राने केलेला अभिषेक आहे. भूगोलाच्या दृष्टीने ते देशातील सर्वांत मोठ्या भरतीचे दर्शन आहे. आखाताचे तोंड रुंद, आतला भाग निमुळता आणि उथळ, त्यामुळे आत येणारे पाणी दाटून वर चढते. समोरच्या भावनगरच्या बाजूला मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत दहा मीटरांच्या आसपास अंतर पडते. म्हणजे तीन मजली घराएवढे पाणी दिवसातून दोनदा येते आणि जाते. नदीचे पाणी ज्या दारातून बाहेर पडायचे, ते दार असे उघडझाप करणारे आहे. भरतीचे पाणी बडोद्यापर्यंत येत नाही. आपल्याकडच्या पुराला पाऊस, वरची तळी आणि नदीचे आक्रसलेले पात्र हीच कारणे पुरेशी आहेत. पण खालच्या गावांना एका बाजूने नदी आणि दुसऱ्या बाजूने समुद्र असा दुहेरी पाहुणा सांभाळावा लागतो. मुंबईकर आप्तांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच दुपारी समुद्राला भरती होती. मिठी नदीने पाणी टाकायचे कुठे?

माझे एक सहकारी त्या किनाऱ्याकडच्या गावचे आहेत. त्यांच्या घरची थोडी जमीन खाडीलगत आहे. ते सांगतात की पूर्वी शेताच्या कडेला पांढरा खार दिसे, आता तो मधल्या वाफ्यांतही फुटतो. त्यांच्या वडिलांना ते म्हणाले, “बापूजी, बडोद्याला चला.” म्हातारबांनी विचारले, “समुद्र कुठवर येणार ते मला दाखव, म्हणजे त्याच्या पलीकडे खाट टाकतो.” थट्टेत विचारलेला हा प्रश्न हुबेहूब शास्त्रज्ञांचाच आहे.

त्याचे उत्तर देणारी रेघ कशी ओढतात, हे थोडक्यात सांगतो. पहिल्याने जमिनीची उंची हवी, आणि तीही हाताच्या नव्हे, वितीच्या अचूकतेची. त्यासाठी विमानातून छायाचित्रे घेतात, कधी प्रकाशकिरण सोडून मोजणी करतात. दुसऱ्याने, अनेक वर्षांच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आणि वादळात पाणी किती उसळले याचा हिशोब. तिसऱ्याने, समुद्राची होणारी वाढ. चौथ्याने, किनारा कुठे झिजतो आणि कुठे भरतो याची जुन्या-नव्या चित्रांवरून केलेली तुलना. ही सारी पाने एकावर एक ठेवली की जमिनीच्या बाजूची सर्वांत आतली कड म्हणजे ‘धोका-रेषा’. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाच्या किनाऱ्यावर ही रेषा आखली. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्रानेही संपूर्ण किनाऱ्याचे धोक्याचे नकाशे तयार केले आहेत.

या हिशोबात ‘शंभर वर्षांचा पूर’ असा एक शब्द येतो. त्याने फार घोटाळा होतो. लोकांस वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंती. खरा अर्थ असा की एवढे पाणी येण्याची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक असते. काल आले म्हणून उद्याची शक्यता कमी होत नाही. तीस वर्षांच्या कर्जावर घेतलेल्या घराला, कर्ज फिटेपर्यंत, असा पूर निदान एकदा भेटण्याची शक्यता जवळजवळ चारात एक पडते. चारात एक! अशा शक्यतेवर आपण लग्नाचा मुहूर्तही धरणार नाही. घर मात्र घेतो.

आता कायद्याकडे वळू. १९९१च्या अधिसूचनेने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध घातले. २०११च्या अधिसूचनेत धोका-रेषेला स्थान मिळाले. २०१९च्या अधिसूचनेत ती निर्बंधांपासून अलग करण्यात आली आणि आपत्तीच्या नियोजनासाठी उपयोगात आणावी असे ठरले. म्हणजे रेषा आहे, पण तिच्या आत घर बांधू नये असे ती स्वतः म्हणत नाही. हे वाचले तेव्हा मला प्रथम चीड आली. ज्ञान आहे आणि त्याला हुकूम नाही, हे शिक्षकाच्या स्वभावाला रुचणारे नाही. परंतु त्यानंतर आमच्याच शाळेत जे घडले, त्याने या प्रश्नाची दुसरी बाजू मला दाखविली.

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री ३७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी २६ फुटांची आहे, हे बडोदेकरांस ठाऊक आहेच. आमच्या शाळेच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होते. पाणी गेले, गाळ काढला, बाके वाळविली. मग डिसेंबरात, सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन मी शाळेच्या परिसराचा एक नकाशा करावयास घेतला. आखाताच्या किनाऱ्यावर मोठ्या संस्था जे करतात, ते आपल्या गल्लीत हाताने करून पाहावे, एवढाच हेतू. मुले दोघादोघांनी दारोदार गेली. “काका, पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?” हा प्रश्न दोन आठवडे गल्लीगल्लीतून ऐकू येत होता. कोणी भिंतीवरचा डाग दाखविला, कोणी कपाटाचा फुगलेला खण, कोणी देव्हाऱ्याची पायरी. आजीबाई सर्वांत अचूक. पाणी कुठवर होते हे त्यांना आठवत होते, कारण तांदळाचा डबा त्यांनी कोणत्या फळीवर हलविला हे आठवत होते.

एका विद्यार्थिनीचे वडील गवंडीकाम करतात. त्यांनी आपली पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरून एक टोक एका भिंतीला, दुसरे टोक दुसऱ्या भिंतीला लावायचे. दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत उभे राहते. या नळीने घराघरांतले डाग एकमेकांशी ताडून पाहता आले, कारण प्रत्येक घराचे जोते निराळे. पाणी आपली पातळी सोडत नाही, जोती मात्र खोटे सांगतात. एक गल्ली स्वतःस सुरक्षित समजत होती. ती डागाच्या पातळीहून अवघी वीतभर उंच निघाली. दोन घरांनी “आमच्याकडे आलेच नाही” असे सांगितले होते. नळीने सांगितले की आले असणार. मुलांनी मोठ्या कागदावर घरे मांडली, आणि ज्यांत पाणी शिरले त्यांच्याभोवती निळी रेघ ओढली. तो नकाशा शाळेच्या दर्शनी भिंतीवर लागला.

चौथ्या दिवशी एक वयस्क मराठी गृहस्थ मला भेटावयास आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, तीन खोल्यांचे बैठे घर, मुलगा पुण्याला. घर विकून मुलाजवळ जायचे त्यांनी ठरविले होते आणि गिऱ्हाईक येऊ लागले होते. खुर्चीत बसताच ते म्हणाले, “साहेब, माझ्या घराभोवतीची ती निळी रेघ तेवढी पुसा.” मी म्हणालो, “रेघ मुलांची नाही हो, पाण्याची आहे. मुलांनी नक्कल केली.” ते शांतपणे म्हणाले, “पाणी ओसरले. मी भिंत घासली, रंगविली. आता तुम्ही कागदावर ते परत का आणता?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, असे नाही. उद्या जो कुटुंब घेऊन त्या घरात राहील, त्यालाही मुलेबाळे असतील. त्याला न सांगणे म्हणजे आपले पाणी त्याच्या घरात सोडणे. हे मी सांगितलेही. त्यांनी मान हलविली, कारण ते सज्जन होते. पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जन्मभराची पुंजी त्या तीन खोल्यांत होती. नदीकाठी जमीन भरून पुढे बांधणाऱ्यांना जे सोसावे लागले नाही, ते त्यांना एका रेघेपायी सोसावे लागणार होते. सत्य सर्वांच्या हिताचे खरे. त्याची किंमत मात्र एकाच्याच दारी वसूल होणार होती.

मग मला किनाऱ्याचे कोडे नीट उमगले. धोका-रेषेला विरोध करणारे सगळेच बिल्डर नसतात. त्यांत कोळी असतो, ज्याला होडीपासून दूर राहता येत नाही. खाडीलगतचा शेतकरी असतो, ज्याची एवढीच जमीन आहे. आणि असा एखादा पेन्शनर असतो. त्यांना नुसती रेघ दाखविणे म्हणजे वैद्याने रोगाचे नाव सांगून औषध न देता उठून जाणे होय.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न कसा सोडविला होता, ते आठवावे. गोव्याच्या खाजणांत बांध आहेत, आणि बांधांना ‘मानस’ नावाचे दरवाजे. भरतीच्या दाबाने मिटणारे, ओहोटीला उघडणारे. हे बांध राखण्याचे काम एकट्या कडेच्या शेतकऱ्याचे नव्हते. ते गावकरीचे, साऱ्या गावाचे होते. कुलाब्यात शिलोत्रीची पद्धत होती. खाऱ्या दलदलीला बांध घालून जमीन मिळवायची, आणि जमिनीच्या हक्काबरोबर बांध राखण्याचे कर्तव्य स्वीकारायचे. समुद्राला लागून असलेल्या शेतावरून जी लाट आत येते ती शेवटी सर्वांच्याच शेतांत येते, एवढे त्या लोकांना कळत होते, आणि म्हणून खर्च वाटून घेतला जात होता. आपल्या काळातही, ओडिशाच्या किनाऱ्यावरील सातभाया येथील कुटुंबांना समुद्राने घरे गिळल्यावर २०१८ साली बागपटिया येथे सरकारने वसविले. गाव गेले ते गेलेच. पण खर्चाचा भार निदान एकेका घराने वाहिला नाही.

असो. मुलांपुढे मी गृहस्थांचा प्रश्न नाव न घेता मांडला. एक मुलगा म्हणाला, “एकाची पुसली तर सगळ्यांची पुसावी लागेल.” ते खरेच होते. गवंड्याच्या मुलीने निराळे सुचविले. प्रत्येक निळ्या घरापाशी लाल अक्षरांत लिहावे, की येथे विजेचा मीटर आणि बटणांची पाटी किती उंच हवी, कागदपत्रे व धान्य कोणत्या उंचीवर ठेवावे, आणि पाणी चढू लागले तर जवळचा कोणता वरचा मजला गाठावा. आठवडाभर मुलांनी ते लिहिले. तेव्हा आमच्या ध्यानात आले की आमच्या शाळेचा तळमजला स्वतःच रेघेच्या आत आहे. पुढच्या वेळी आसऱ्याला येणाऱ्या कुटुंबांची सोय पहिल्या मजल्यावरच करावयास हवी, आणि तशी व्यवस्था आम्ही करून ठेवली. त्या गृहस्थांच्या गल्लीतील अकरा घरांनी वर्गणी काढून एकच वायरमन बोलाविला आणि मीटर वर घेतले. ज्याला वर्गणी परवडत नव्हती, त्याची शेजाऱ्यांनी भरली.

घर पुढच्या उन्हाळ्यात विकले गेले. गिऱ्हाइकाला पाण्याची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली आणि भिंतीवर हात ठेवून उंचीही दाखविली. मनाजोगी किंमत आली नाही. पुण्याला जाण्यापूर्वी ते निरोप घ्यायला आले तेव्हा तसे म्हणालेही. त्यांचे झालेले नुकसान कोणी भरून द्यावे, हे मला आजही सांगता येत नाही. पण ते एकट्याने सोसावे हे न्यायाचे नव्हे, एवढे मी जाणतो. समुद्रकाठी असे लक्षावधी लोक आहेत, आणि तिथली रेघ दरवर्षी थोडी थोडी आत सरकत आहे. नकाशा करणाऱ्यांनी रेघ निर्भयपणे ओढावी; परंतु ती ओढल्या दिवशीच, आत सापडलेल्यांचा भार कोण कोण उचलणार, याची यादीही तयार व्हावी.

वाचकांस एक विनंती. आपण बडोद्यात असा, सुरतेत असा, की कोकणातल्या मूळ घरी सुटीला जाणारे असा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, पाणी कोणत्या साली कुठवर आले होते. तिथे भिंतीवर ठळक रेघ ओढा, शेजारी साल लिहा. रंग देताना तेवढी जागा सोडायला रंगाऱ्याला सांगा.